नाण्यांना न्याय, दप्तरांची फाटाफूट: छत्रपती संभाजीनगरातील पुराणवस्तू लिलावाविषयी

मुंबईच्या एका लिलावसंस्थेने छत्रपती संभाजीनगर येथे निझामकालीन नाणी, नोटा, टपाल तिकिटे, बिदरी भांडी, जुन्या पैठण्या आणि मोडी-फारसी कागदपत्रे यांचा लिलाव नुकताच भरवला होता. जालना रस्त्यावरील एका हॉटेलच्या सभागृहात आधी वस्तू पाहण्यासाठी मांडल्या गेल्या, त्यानंतर बोली झाली आणि पुढे काही दिवसांनी घेतलेल्या वस्तू घरपोच आल्या. या सर्व टप्प्यांवर मी ग्राहक म्हणून सहभागी होतो आणि त्या अनुभवावरच हे परीक्षण आधारलेले आहे. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते या एकाच संस्थेचे नाहीत. या व्यवसायात ते सर्रास आढळतात आणि त्यांची चर्चा नावापलीकडे जाऊन होणे मला अधिक गरजेचे वाटते.

जुन्या वस्तूच्या लिलावात ग्राहक वस्तूचे पैसे तर मोजतोच, पण त्या वस्तूविषयी संस्थेने कॅटलॉगमध्ये जे लेखी विधान केलेले असते त्याचेही पैसे मोजतो. वस्तू कोणत्या काळातली, कोठली, कोणत्या घरातून आलेली, तिची दुरुस्ती झाली आहे काय, तिच्यासोबतच्या वस्तू कोठे गेल्या, हे सर्व ज्या विधानात येते ते विधान भक्कम असेल तर सामान्य वस्तूलाही मोल येते, आणि ते पोकळ असेल तर चांगली वस्तूसुद्धा मुकी होऊन जाते. या कसोटीवर पाहिले तर या संस्थेचा नाण्यांचा विभाग उत्तम आहे, नोटांचा चांगला आहे, बिदरी आणि पैठणीचा विभाग निराश करणारा आहे, आणि जुन्या दप्तरांच्या बाबतीत तिने जे केले ते मला अजिबात मान्य नाही.

नाण्यांपासून सुरुवात करतो. मराठवाड्यातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते, आणि संस्थानाचे स्वतःचे चलन असल्यामुळे इथल्या जुन्या घरांच्या तिजोऱ्यांत आजही हाली सिक्का, म्हणजे त्या चलनाचे नाणे, निघतो. त्यातला सर्वांच्या ओळखीचा म्हणजे चारमिनार रुपया. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत हिजरी १३२१ पासून तो पाडला जाऊ लागला. चारमिनारच्या मधल्या कमानीत त्यांच्या नावाचे फारसी लिपीतले 'मीम' हे अक्षर असते, आणि सातवे निझाम मीर उस्मान अली खान गादीवर आल्यानंतर त्याच जागी 'ऐन' आले. महबूब अली खान यांचे निधन २९ ऑगस्ट १९११ रोजी, म्हणजे हिजरी १३२९ मध्ये झाले. त्यामुळे १३२९ या एकाच वर्षाच्या रुपयावर दोन्हींपैकी कोणतेही अक्षर असू शकते आणि संग्राहक त्या कमानीत भिंग घालून पाहतात ते यासाठीच.

या लिलावात १३२९ चा एक रुपया होता. कमान बरीच झिजलेली होती. अशा वेळी दुर्मीळ बाजू, म्हणजे 'ऐन', पुढे करून अंदाजित किंमत फुगवण्याचा मोह विक्रेत्याला होतो, परंतु कॅटलॉगमध्ये स्वच्छ लिहिलेले होते की कमानीतील अक्षर झिजलेले असून ते 'मीम' असण्याची शक्यता अधिक आहे, आणि अंदाजही त्या हिशोबाने नेहमीच्या रुपयाचाच ठेवलेला होता. मी स्वतः भिंगाखाली नाणे बराच वेळ तिरपे धरून पाहिले. अक्षराच्या सुरुवातीची गाठ पुसटशी दिसत होती, तिची गोलाई 'मीम'कडेच झुकणारी होती, आणि त्याहून निश्चित काही सांगणे कोणालाही शक्य नव्हते. जेवढे दिसते तेवढेच लिहिण्याची ही शिस्त मला या संस्थेचे सर्वांत मोठे भांडवल वाटते.

प्रत्येक चांदीच्या नाण्याचे वजन ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले होते, दोन्ही बाजूंबरोबर कडेचेही छायाचित्र होते, आणि नाणे कधी घासले-पुसले गेले असेल तर तशी नोंद होती. नवख्या ग्राहकाला वजनाचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही, म्हणून सांगतो. चारमिनार रुपयाचे प्रमाणित वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि चांदीची शुद्धता सुमारे ८१.८ टक्के असते, तर त्या काळच्या इंग्रजी सरकारच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि शुद्धता ९१.७ टक्के. साध्या झिजेने रुपयाचे वजन थोडे उतरते, पण नाणे प्रमाणापेक्षा लक्षणीय हलके किंवा जड निघाले तर ते ओतीव नक्कल असल्याचा संशय घ्यायलाच हवा. शहागंज-सराफ्याच्या भागात हाली रुपये आजही विकायला मिळतात, आणि त्यांत कडेवर सांधा दिसणारे ओतीव तुकडे मी अनेकदा पाहिले आहेत. कडेचे छायाचित्र त्यासाठीच लागते.

मोगल आणि त्याआधीच्या नाण्यांची निवडही जाणकाराने केलेली दिसली. औरंगजेबाच्या काळात या शहराच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर शहराचे नाव 'खुजिस्ता बुनियाद' असे येते. तसा एक रुपया येथे होता आणि टांकसाळीचे नाव नाण्याच्या काठाबाहेर न जाता बहुतांश शाबूत राहिलेले होते. शिक्का नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे मोगल रुपयावर पूर्ण मजकूर क्वचितच उमटतो, म्हणून टांकसाळीचे नाव वाचता येणारा रुपया आणि न येणारा रुपया यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. कॅटलॉगने फारसी मजकूर देवनागरी लिप्यंतरासह दिला होता आणि जो भाग नाण्यावर नाही तो चौकटी कंसात टाकून वेगळा दाखवला होता.

मुहम्मद तुघलकाची सांकेतिक नाणी हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे. दिल्लीहून दौलताबादेस राजधानी हलवल्यानंतर थोड्याच वर्षांत, हिजरी ७३० ते ७३२ या काळात, त्याने चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालावीत अशी पितळ-तांब्याची नाणी काढली आणि 'जो सुलतानाची आज्ञा मानतो तो ईश्वराची आज्ञा मानतो' अशा अर्थाचा मजकूर त्यांवर घातला. लोकांनी घरोघर नकला पाडल्या आणि अखेर सुलतानाला ही नाणी मागे घ्यावी लागली. आज बाजारात येणाऱ्या नाण्यांपैकी सरकारी टांकसाळीतले कोणते आणि त्याच काळातली नक्कल कोणती हे ठरवणे त्यामुळेच अवघड असते. दौलताबाद टांकसाळीचे नाव असलेले असे एक नाणे येथे होते, आणि त्याच्या वर्णनात 'समकालीन नक्कल असण्याची शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य होते. विकणाऱ्यानेच आपल्या मालाविषयी असे लिहावे, ही गोष्ट या धंद्यात सहज आढळत नाही. मी ते नाणे घेतले. नक्कल निघाली तरी ती सातशे वर्षांपूर्वीची आहे आणि याच परिसराच्या इतिहासाचा भाग आहे.

नोटांच्या विभागात सर्वांचे लक्ष होते ते 'इजिप्त' जहाजाच्या नोटांकडे. हैदराबाद संस्थानाने १९१८ मध्ये कागदी चलन सुरू केले. इंग्लंडात छापलेल्या आणि स्वाक्षरी होणे बाकी असलेल्या नोटांचा साठा घेऊन निघालेले हे जहाज २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन बुडाले, आणि पुढे दहा वर्षांनी इटालियन गोताखोरांनी शंभर मीटरांहून अधिक खोलीतून त्यातले सोने-चांदी बाहेर काढताना या नोटाही वर आल्या. लिलावातील नोट समुद्राच्या पाण्याने तपकिरी पडलेली, कडा विरलेली होती. वर्णनात डागांची जागा, कागदाची विरळ झालेली बाजू आणि मागच्या बाजूस झालेली दुरुस्ती असे सर्व नमूद होते. हैदराबादच्या नोटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि कानडीबरोबर मराठीतही रक्कम लिहिलेली असे, हे पूर्वदर्शनाला आलेल्या अनेकांना तेथेच प्रथम कळले. काचेच्या पेटीवर वाकून आपल्या भाषेतला तो मजकूर लोक एकमेकांना वाचून दाखवत होते.

तिकिटांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्या विभागात सांगण्यासारखे फार नव्हते. हैदराबाद संस्थानाच्या १९३१ च्या चित्रमालेत आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदरचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा चांदमिनार आहे, त्यामुळे मराठवाड्यातल्या संग्राहकाला ती हवीशी वाटणारच. पण वर्णनात 'सुस्थितीत' या एका शब्दापलीकडे काही नव्हते. रुपयाचे तिकीट उजेडासमोर धरल्यावर मागचा कागद एका जागी सोललेला दिसला. तिकिटांच्या व्यवहारात डिंक, दाते आणि कागदाची जाडी यांची नोंद नसेल तर त्या वर्णनाला अर्थ राहत नाही.

आता बिदरीकडे वळतो. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर कोरलेल्या खोबणीत ठोकून बसवलेली चांदी, आणि शेवटी नवसादर व बीदरच्या किल्ल्यातील मातीच्या लेपाने आणलेला गडद काळेपणा, अशी ही कारागिरी आहे. चांदीची तार बसवली तर तारकशी आणि पत्रा कापून बसवला तर तहनिशान. लेपाने जस्त काळे पडते आणि चांदी पांढरीच राहते, हे त्याचे मर्म. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांतून हुक्क्याचे तळ, सुरया, पानदाने आणि जमिनीवर अंथरलेल्या बिछायतीचे कोपरे दाबून ठेवायचे मीरफर्श निघतात, त्यामुळे हा विभाग या लिलावाचा कळस ठरायला हवा होता.

प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक वस्तूपुढे 'दख्खन, एकोणिसावे शतक' एवढेच लिहिलेले होते. एका हुक्क्याच्या तळाला मी कोरडा पांढरा रुमाल हलकेच लावला तर त्यावर काळी छटा उतरली. लेपाने धातूतच आलेला काळेपणा असा कोरड्या कापडावर उतरत नाही, त्यामुळे वरून रंग चढवल्याची शंका घ्यावी लागते. त्याच भांड्यावरची चांदीची तार सगळीकडे अगदी एकाच जाडीची होती, तिच्या कडा बोटाला लागत होत्या आणि जेथे हाताची पकड वर्षानुवर्षे पडायला हवी त्या मानेवरही झीज नव्हती. याउलट शेजारच्या एका पानदानावर झाकणाच्या कडेची चांदी बोटांनी झिजून पातळ झालेली, दोन पाकळ्या निघून गेलेल्या आणि खोबणीच्या तळाशी छिन्नीच्या खुणा दिसणाऱ्या होत्या. माझ्या मते हे पानदान निश्चितच जुने आणि तो हुक्क्याचा तळ गेल्या काही दशकांतला होता, परंतु कॅटलॉगमध्ये दोघांचे वर्णन अक्षरशः सारखे होते आणि अंदाजित किंमत नव्या भांड्याची अधिक होती, कारण ते चकचकीत होते. नव्या बिदरीला माझा आक्षेप नाही. बीदरचे कारागीर आजही देखणे काम करतात आणि त्याला योग्य दाम मिळालेच पाहिजे. नव्याला जुने म्हणून विकले की जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कारागिरांवर अन्याय होतो, हे माझे म्हणणे आहे.

पैठण्यांची मांडणी दिसायला सुंदर होती, पण सर्व वस्त्रे काचेच्या चौकटीत मागे पुठ्ठा चिकटवून बसवलेली होती. पैठणीचे काठ-पदर हे एकमेकांत गुंतवलेल्या धाग्यांनी विणलेले असतात, त्यामुळे उलट बाजूही सुलट बाजूइतकीच स्वच्छ दिसते आणि अस्सलपणाची पहिली खूण तीच असते. ती बाजूच पाहता येणार नसेल तर ग्राहकाने बोली कशाच्या आधारावर लावावी? शिवाय जुने काठ आणि पदर काढून नव्या अंगाला जोडण्याची पद्धत फार पूर्वीपासून आहे. ती वाईट नाही, तिच्यामुळे अनेक जुने पदर जरीच्या चांदीसाठी भट्टीत जाण्यापासून वाचले. मात्र तसे केलेले असेल तर लिहायला हवे. एका आसवलीच्या (फुलवेलीच्या नक्षीच्या) काठाजवळ मला बारीक हातशिवण दिसली. वर्णनात तिचा उल्लेख नव्हता. ही पैठणी कोणत्या गावच्या घरातून आली असे मी तेथील तरुण कर्मचाऱ्याला विचारले, तेव्हा तो अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, विक्रेत्याची माहिती आम्हाला गोपनीय ठेवावी लागते." नाव गोपनीय राहावे हे मलाही मान्य आहे. पण पैठणी अंबडच्या घरातली की नांदेडच्या, लग्नातली की देवीला नेसवलेली, हे सांगितल्याने कोणाचेही गुपित फुटत नाही, उलट वस्त्राचा इतिहास पुढच्या घरी पोचतो.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप मोडी आणि फारसी कागदांविषयी आहे. जुन्या देशमुख, देशपांडे, कुलकर्णी घराण्यांची दप्तरे कापडाच्या रुमालांत बांधलेली असत, आणि एका रुमालातले कागद एकमेकांच्या आधाराने वाचावे लागतात. सनद एका कागदावर, तिच्यावरून झालेला वाद दुसऱ्यावर, त्याचा निवाडा तिसऱ्यावर आणि त्या गावचा जमाबंदीचा हिशोब चौथ्यावर असतो. या लिलावात एकाच घराण्याचे, एकाच हातचे आणि एकाच गावाचे नाव असलेले कागद निरनिराळ्या लॉटमध्ये, म्हणजे एकेका बोलीला विकायच्या गटांत, विभागून ठेवलेले होते. मोठी शिक्कामोर्तब असलेले कागद वेगळे आणि महाग, सुंदर फारसी अक्षराचे कागद वेगळे, आणि ज्यांवर ना शिक्का ना नक्षी असे हिशोबाचे कागद 'मोडी कागदपत्रे, सुमारे ५० नग' म्हणून एका गठ्ठ्यात. इतिहासाच्या अभ्यासकाला या शेवटच्या गठ्ठ्याचे मोल सर्वाधिक आहे, आणि शिक्क्याच्या कागदांना अर्थ त्याच्यामुळेच येतो. हे कागद एकदा निरनिराळ्या घरांत गेले की पुन्हा एकत्र येणार नाहीत. नाण्याच्या कमानीतल्या अक्षरासाठी एवढी काळजी घेणाऱ्या संस्थेने रुमाल सोडून त्याची अशी वाटणी करावी, याचे मला फार वाईट वाटले. दप्तर विकायचेच असेल तर ते अखंड विकावे, आणि विकण्यापूर्वी प्रत्येक कागदाचे छायाचित्र एखाद्या अभिलेखागारास किंवा विद्यापीठास द्यावे. त्याला येणारा खर्च एका चांगल्या लॉटवर खरेदीदाराकडून घेतल्या जाणाऱ्या अधिभारातून सहज निघतो.

वस्तूवरचा लेख आणि तिची परंपरा यांमुळे काय साधते याचे ताजे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. राज्य शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून नागपूरचे राजे रघुजी भोसले यांची तलवार ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्या पात्यावर 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा' असा देवनागरी लेख सोन्याने कोरलेला आहे. तो लेख नसता तर ती अनेक फिरंगी, म्हणजे युरोपीय पात्याच्या, तलवारींपैकी एक राहिली असती.

कायद्याच्या बाजूने पाहता संस्थेचे काम बहुतांश नीटनेटके होते. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावशेष ठरतात. त्यांचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो, मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परवान्याची प्रत प्रवेशद्वाराशीच लावलेली होती. नोंदणीकृत लघुचित्रांपुढे नोंदणी असल्याचा शेरा होता, आणि परदेशस्थ बोलीदारांसाठी कोणते लॉट बाहेर पाठवता येणार नाहीत ते वेगळ्या खुणेने दाखवलेले होते. हस्तिदंती मुठीची एक वस्तू पूर्वदर्शनानंतर मागे घेतल्याची घोषणाही झाली, ते योग्यच झाले.

एका ठिकाणी मात्र ही दक्षता सुटली. सातवाहनकालीन शिसे आणि पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांच्या एका लॉटपुढे 'पैठण परिसरात मिळालेली' असे लिहिलेले होते. नाणी अस्सल वाटत होती. एका बाजूस सोंड उचललेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह (क्रॉसच्या चार टोकांना चार वर्तुळे) स्पष्ट होते, आणि खाचांत मातीही तशीच होती. पण ती केव्हा मिळाली? जमिनीत पुरलेल्या अवस्थेत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि पैठण, तेर, भोकरदन यांसारख्या गावांत नांगरताना किंवा पावसानंतर अशी नाणी आजही वर येतात. जुन्या संग्रहातली नाणी असतील तर त्या संग्रहाचा कागद दाखवावा. मी तो मागितला तेव्हा तो उपलब्ध नव्हता आणि लॉट तरीही विकला गेला. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातच वस्तू गोळा करून जपल्या आणि त्यांतून तेथील संग्रहालय उभे राहिले, म्हणून आज तेरचा रोमशी असलेला व्यापार आपल्याला वस्तूंसह समजतो. तीच नाणी मातीसकट कोणाच्या तरी कपाटात गेली तर त्या जागेविषयी ती काहीच सांगू शकत नाहीत.

पूर्वदर्शनाच्या सकाळी लोकांना घरातल्या वस्तू आणून त्यांचे विनामूल्य मूल्यमापन करून घेता येत होते. हा उपक्रम मला मनापासून आवडला. अंबाजोगाईकडून आलेल्या एका वृद्ध बाईंनी साखळीसह पितळी लामणदिवा आणला होता. साखळीच्या कड्या हाताने वळवलेल्या, वरचा मोर डौलदार, आणि मधल्या तीन कड्या नंतर डाग देऊन जोडलेल्या. त्यांचे पितळ जरा लालसर होते. मूल्यमापकाने तो तराजूवर ठेवला, निव्वळ पितळेच्या भावाने किती रुपये होतील ते आधी सांगितले, मग कारागिरीमुळे लिलावात त्याहून किती अधिक येऊ शकतील ते सांगितले, आणि त्या तीन कड्यांमुळे किंमत थोडी कमी होईल हेही लपवले नाही. मग म्हणाला, "मावशी, विकायचा असो वा नसो, याला चिंच लावून घासू नका." त्यावर त्या म्हणाल्या, "घासल्याबिगर देवघरात कसं टांगावं, बाबा?" त्याने थोडा विचार करून उत्तर दिले की देवघरात टांगायचा असेल तर जरूर घासा, मग विकू नका. त्यांनी दिवा परत पिशवीत घातला. विक्रीसाठी वस्तू मिळवणे हा ज्या टेबलाचा उद्देश होता, तेथून एवढा प्रामाणिक सल्ला मिळावा हे संस्थेच्या बाजूने ठळकपणे नोंदवले पाहिजे.

परंतु त्याच टेबलावर विक्रेत्यांना दिला जाणारा करारनामा केवळ इंग्रजीत होता. त्यात विक्रेत्याकडून घ्यायचे कमिशन, राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकली जात नाही), वस्तू न विकली गेल्यास लागणारे शुल्क आणि विम्याची मर्यादा अशा महत्त्वाच्या अटी होत्या. मराठवाड्यात येऊन इथल्या घरांतल्या वस्तू मागायच्या आणि त्यांच्या अटी मराठीत द्यायच्या नाहीत, हे चालणार नाही. कॅटलॉगही इंग्रजीत आणि पुकारा हिंदी-इंग्रजीत होता.

बोलीची प्रक्रिया सुरळीत होती. सभागृहात, ऑनलाइन आणि आधी लेखी दिलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या बोली घेतल्या गेल्या, ऑनलाइन बोली पडद्यावर लगेच दिसत होती, आणि हातोडा पाडण्याआधी पुकारणारा सभागृहाकडे पुरेसा वेळ पाहत होता. पैशांचा हिशोब मात्र नवख्या माणसाने आधीच समजून घ्यावा. समजा, २०,००० रुपयांवर हातोडा पडला. त्यावर १५ टक्के खरेदीदार अधिभार म्हणजे ३,००० रुपये, आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४० रुपये. म्हणजे वस्तूवरचा कर आणि पाठवणीचा खर्च सोडूनच ही रक्कम २३,५४० होते. हे दर कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होते. ते पहिल्या पानावर यायला हवेत, कारण सभागृहात माझ्या शेजारी बसलेल्या एका शिक्षकांनी आपली मर्यादा हातोड्याच्या किमतीवर ठरवली होती आणि बिल पाहून ते अडचणीत आले.

नाणी पोचली ती उत्तम बांधणीत, प्रत्येक नाणे वेगळ्या पाकिटात, सोबत लॉट क्रमांक आणि कॅटलॉगमधील वर्णनाची छापील चिठ्ठी. ही चिठ्ठी जपून ठेवावी, कारण पुढे कधी ते नाणे विकताना त्याचा मागचा प्रवास दाखवणारा कागद तोच असतो. नाणे वर्णनाप्रमाणे नसल्यास सात दिवसांत परत घेण्याची हमी लेखी आहे, तर बिदरी, वस्त्रे आणि कागदपत्रे 'आहे त्या स्थितीत' विकली जातात. ज्या विभागांत वर्णन सर्वांत अपुरे आहे नेमके तेच विभाग हमीबाहेर ठेवलेले आहेत, आणि म्हणून तेथे भांडे हातात घेऊन, वस्त्र चौकटीबाहेर काढून पाहू दिले नाही तर बोली लावू नये असे मी स्पष्टपणे सुचवतो.

करारनामा आणि कॅटलॉग मराठीत द्यावा, वस्तूचे गाव नोंदवावे, पैठणीची उलट बाजू छायाचित्रात दाखवावी आणि दप्तरे फोडू नयेत, अशी लेखी मागणी मी लिलावानंतर संस्थेकडे केली. मराठी करारनामा पुढील लिलावापासून देऊ आणि वस्त्रांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊ, असे उत्तर आले आहे. दप्तरांविषयी उत्तरात काहीही नव्हते. त्याबाबत मी पुन्हा पत्र पाठवले असून, त्या मोडी गठ्ठ्याच्या खरेदीदाराने कागदांची छायाचित्रे अभ्यासासाठी द्यावीत अशी विनंती संस्थेने त्यांच्यापर्यंत पोचवावी, हेही त्यात लिहिले आहे.